दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आई म्हणते. ती निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरातली. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात सगळ्यांत खाली गेल्याची बातमी वर्षातून एकदा तरी येतेच, त्यामुळे थंडीच्या बाबतीत आमच्या घरात तिचाच शब्द चालतो. जानेवारीच्या अखेरीला आमच्याकडे, नाशिकच्या म्हसरूळला, दुपारी उन्हाचा चटका बसायला लागतो, बियाण्याची पाकिटं फोडावीशी वाटतात, पण पहाटे मातीत हात घातला तर ती गारच लागते. वेलवर्गीय भाज्यांच्या बियांना उगवायला माती साधारण 20 अंशांच्या वर तापलेली लागते. गार, ओल्या मातीत दोडक्याचं बी फुगतं आणि तसंच कुजून जातं. म्हणून आमच्या उन्हाळी भाज्यांचं बी महाशिवरात्र उरकल्यावरच जमिनीत पडलं.

नाशिककराला भाजीची वानवा नाही. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरी या बाजूंनी ताजी भाजी येत असते. मग घरी कशाला लावायची? माझं उत्तर असं की सगळ्याच भाज्या लावू नयेत. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर उन्हाळ्यात अंगणात लावून जीव मेटाकुटीला आणण्यात अर्थ नाही, त्या बाजारातून आणाव्यात. पण काही भाज्या अशा आहेत की तोडल्यापासून कढईत पडेपर्यंत जितका वेळ जाईल तितकी त्यांची चव उतरत जाते. भेंडी त्यात पहिली. मग गिलकं, म्हणजे पुण्याकडचं घोसाळं. मग दोडका, गवार, तांदुळजा. या पाच आणि सोबत काकडी आणि दुधी, एवढंच मी लावलं.

घरामागे 10 बाय 20 फुटांची जागा आहे. वर काळी माती, खाली बांधकामाच्या वेळचा मुरूम. काळी माती पाणी धरून ठेवते, पण उन्हाळ्यात वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये कोवळी मुळं तुटतात. त्यामुळे कुजलेलं शेणखत आणि सुकलेला पाला भरपूर मिसळून वाफे भुसभुशीत केले, थोडी निंबोळी पेंड टाकली. गवारीच्या वाफ्यात मात्र शेणखत कमी घातलं. गवार शेंगवर्गातली, हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत स्वतः साठवते. खत जास्त झालं तर नुसती पानं माजतात आणि शेंगा उशिरा लागतात.

बी मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रातून आणलं. भेंडीला ‘परभणी क्रांती’ मागितली. परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार झालेला हा वाण केवडा रोगाला चांगला तोंड देतो. केवडा म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडत जातात, मग शेंगाही पिवळट आणि राठ येतात. रोग पसरवते ती पांढरी माशी, आणि नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात तिची चंगळ असते. गवारीला ‘पुसा नवबहार’, काकडीला ‘हिमांगी’. दोडका आणि गिलक्याचं बी मात्र आईच्या माहेरचं. ते वाण कोणते हे तिथेही कुणी विचारत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तेच बी ठेवलं जातं. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं. गिलक्याचं कवच टणक असतं, ते कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवलं आणि कोंब डोकावल्यावरच लावलं. वेल हातभर अंतर सोडून मांडवाच्या कडेला, भेंडी 30 सेंमीवर.

मांडव मामांच्या कृपेने झाला. मखमलाबादला त्यांची द्राक्षबाग आहे, तिथले बाद झालेले बांबू आणि तार त्यांनी टेम्पोतून पाठवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर द्राक्षाच्या काड्यांचे भारेही आले, काकडीला चढायला ते उत्तम.

उन्हाळी बागेचं खरं काम म्हणजे पाणी. शहराला पाणी येतं ते मुख्यतः गंगापूर धरणातून, आणि मे महिन्यात धरणाचा साठा किती टक्क्यांवर आला हे पेपरात वाचत असताना अंगणात नळी सोडून ठेवणं मला जमत नाही. आईच्या सांगण्यावरून वेलांच्या मधोमध मातीचे छोटे माठ गळ्यापर्यंत पुरले आणि वर झाकण ठेवलं. माठातून पाणी झिरपतं, मुळं आपोआप माठाभोवती गोळा होतात, आणि वरची माती कोरडी राहिल्याने तणही फारसं येत नाही. माठ नवे लागतात. ज्या जुन्या माठात पाणी गार होईनासं झालंय, त्याची छिद्रं बुजलेली असतात. तो जमिनीतही झिरपत नाही. भेंडी-गवारीच्या वाफ्यांवर रसवंतीवाल्याकडून आणलेल्या उसाच्या चिपाडांचा जाड थर दिला. रसवंतीवाले उन्हाळ्यात ती देऊनच टाकतात, फक्त वाळवून घालायची, नाहीतर गोडव्याला मुंग्या लागतात. त्या थराखाली दुपारी हात घातला तर माती ओली आणि थंड लागते. पाणी नेहमी सकाळी, डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी त्यात धरून.

दोन पानांवर असताना वेलांवर तांबडे भुंगेरे आले. हे एका सकाळीत पानांची चाळण करतात. पहाटे पानं दमट असताना गोवरीची राख चाळून भुरभुरवली. रोप चार-पाच पानांचं होईपर्यंतच भुंगेऱ्यांची भीती, नंतर वेल त्यांना पुरून उरतो.

मार्चअखेर वेल मांडवावर पोचले आणि फुलं आली. या भागाबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण घरी वेल लावणारे बहुतेक जण इथेच निराश होतात. फुलं खूप येतात, पिवळीधमक, आणि सगळी गळून पडतात. लोक खत बदलतात, औषध मारतात. वेलाला तसं काहीही झालेलं नसतं. दोडका, गिलकं, दुधी, काकडी या सगळ्यांवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि आधी येतात ती नर फुलं. ती एक दिवस उमलतात आणि गळतात. मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढा इवलासा दोडका आधीपासूनच असतो. परागकण तिथे पोचले तर तो वाढतो, नाही पोचले तर पिवळा पडून गळतो.

त्यातही प्रत्येकाची वेळ ठरलेली. एकाच मांडवावर एका बाजूला गिलकं, दुसऱ्या बाजूला दोडका. पानं सारखी, फुलं पिवळी. पण गिलक्याचं फूल सकाळी उमलतं आणि दोडक्याचं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर पाच-साडेपाचच्या पुढे. काकडी सकाळची. दुधीचं पांढरं फूल पुन्हा संध्याकाळचं. सकाळी मधमाश्या येतात, गिलक्याला काही करावं लागत नाही. संध्याकाळच्या फुलांना पतंग लागतात आणि आमच्या गल्लीत ते फारसे दिसत नाहीत. त्यामुळे दोडका आणि दुधीला हाताने परागीभवन करायचं ठरवलं. त्या दिवशीचंच उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवायचा. पराग बोटाला लागतात, म्हणजे ते तयार आहेत. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. मुलगी खेळून आली की हे काम तिचं. हात लावलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला ती लाल दोरा बांधायची आणि त्याची नोंद कॅलेंडरवर करायची. त्या दोऱ्यांचा पुढे फार उपयोग झाला. दोडका फुलापासून आठवडा-दहा दिवसांत तोडणीला येतो, आणि दोरा बघून कुठला आज तोडायचा हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

ऊन चाळिशीला टेकलं की नर फुलं वाढतात, मादी कमी होतात. ऊन आणि मोठा दिवस वेलाला तिकडे झुकवतात. त्यावर उपाय म्हणजे मुख्य वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडायचा. बाजूने फुटवे येतात आणि मादी फुलं या फुटव्यांवरच जास्त लागतात. शेंडा खुडताना आईचा जीव वरखाली झाला, ‘अरे, वाढता वेल कशाला तोडतोस?’ म्हणाली. फुटव्यांना दोडके लागल्यावर दुधीचे शेंडे तिनेच खुडले.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी अवकाळी आला, गारांसकट. मामांचा शेवटचा माल तोपर्यंत निघून गेला होता, हे आधी फोन करून विचारलं. द्राक्षाच्या गावात गारा पडल्या की पहिला विचार तोच येतो. आमच्याकडे वाफ्यांवर हिरवी शेडनेट होती, भेंडी वाचली. मांडवावरची मोठी पानं फाटून लक्तरं झाली. फाटकी पानं मी काढली नाहीत, कारण तेवढ्या हिरव्या भागावरही वेल अन्न करतो, शिवाय खालच्या फळांना सावली राहते. पंधरवड्यात नवी पालवी आली.

त्याहून चिवट शत्रू म्हणजे फळमाशी. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. टोचल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, फळ तिथे वाकडं होतं, आणि चिरल्यावर आत अळ्या. यासाठी औषध फवारायची गरज नाही. परागीभवन झाल्यावर दोन दिवसांनी, फूल सुकलं की फळाला वर्तमानपत्राची सैलसर नळी घालायची, खालून उघडी आणि देठाशी दोऱ्याने बांधलेली. मांडवाला फळमाशीचा गंध-सापळा टांगला, त्यात नर माश्या अडकतात. आणि किडकं फळ कधीही खताच्या खड्ड्यात टाकायचं नाही. अळी मातीत जाऊन कोष करते आणि नवी माशी होऊन परत येते. अशी फळं पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवायची.

आता स्वयंपाक. तोडणी सकाळी, ऊन चढायच्या आत. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. फूल गेल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग तयार होते आणि दोन दिवस राहिली तर दोरखंड होते. टोक बोटाने मोडून बघायचं, कट्‌कन मोडलं तर कोवळी. ओल्या फडक्याने पुसायची, चिरल्यावर पाण्याला लावायची नाही. भेंडीचा चिकटपणा चिरलेल्या भागातून सुटतो आणि पाणी, वाफ मिळाली की वाढतो. म्हणून लोखंडी कढई चांगली तापवून तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग भेंडी पसरून टाकायची आणि झाकण ठेवायचं नाही. मीठ अगदी शेवटी. चमचाभर चिंचेचा कोळ पडला की उरलीसुरली तार जाते. वर शेंगदाण्याचं कूट. सकाळी तोडलेली भेंडी बाराच्या आत ताटात आली तर तिला एक हिरवा गोडवा असतो, तो बाजारच्या भेंडीत मला कधी सापडला नाही. सोबत ज्वारीची भाकरी. उन्हाळ्यात आमच्याकडे बाजरी बंद.

दोडका काळ्या मसाल्यात. एप्रिल म्हणजे घरोघरी मसाले करण्याचाही महिना. वाळवलेला कांदा, सुकं खोबरं, मिरच्या, धने, दगडफूल भाजून गिरणीतून कुटून आणलेला नवा मसाला आणि नवा दोडका एकाच वेळी हाताशी येतात. फोडणीत लसूण, मग मसाला तेलात जेमतेम परतून लगेच फोडी टाकायच्या, नाहीतर मसाला जळतो. पाणी घालायचं नाही, दोडका स्वतःचं पाणी सोडतो. मीठ इथेही उशिरा, कारण फोडी आटून निम्म्या होतात आणि सुरुवातीला अंदाजाने घातलेलं मीठ जास्त होतं.

पण खरी चीज म्हणजे शिरांची चटणी. कोवळ्या दोडक्याच्या शिरा सोलून, बारीक चिरून तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर भाजायच्या. घाई करू नये. आधी त्या मऊ पडतात, मग कडा तांबूस होतात, मग कुरकुरीत होतात, आणि तिथेच थांबायचं. त्याच तव्यावर तीळ तडतडवायचे, किसलेलं सुकं खोबरं लालसर करायचं. लाल मिरच्या, लसूण, मीठ, चिंचेचं एक बुटुक. आई हे सगळं खलबत्त्यात ओबडधोबड कुटते. मिक्सरमध्ये केलं की शिरांचा कुरकुरीतपणा जातो आणि सगळ्याचा भुगा होतो, म्हणून खलबत्ताच. दोडका जून झाला की शिरांना धागे येतात आणि चटणी चोथट लागते. घरच्या वेलाचा दोडका हव्या त्या दिवशी तोडता येतो, त्यामुळे ही चटणी घरच्याच दोडक्याची करावी.

गिलक्याची साल काढत नाही, नुसती खरवडते आई. पातळ चकत्यांची भजी तर होतातच. पिठात ओवा, हळद, तिखट आणि चमचाभर तांदळाचं पीठ. रोजच्या जेवणाला भिजवलेली मूगडाळ घालून भाजी, तीही बिनपाण्याची. भरपूर चिरावं लागतं, कारण पातेलंभर गिलकं शिजून वाटीभर होतं.

गवार सुरीने चिरायची नाही, शिरा ओढत हाताने मोडायची. फोडणीत ओवा हवाच, गवार वातूळ. किंचित गूळ, कूट, काळा मसाला. मे महिन्यात इतकी आली की शेंगा मिठाच्या ताकात उकळी काढून उन्हात खडखडीत वाळवल्या. पावसाळ्यात वरणभाताबरोबर तळायला. तांदुळजाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, बी फेकलं की महिन्याच्या आत येतो, खुडला की पुन्हा फुटतो. लसूण, मिरची आणि दोन मिनिटं आच.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने पाळावी. दुधी, काकडी, गिलकं, दोडका, काहीही चिरताना देठाकडची एक चकती जिभेला लावून बघायची. पाण्याचा ताण आणि तीव्र ऊन बसलं की या वर्गातल्या फळांत कडू द्रव्य वाढू शकतं. काकडीत ते बहुधा देठाकडे आणि सालीखाली असतं, थोडा भाग काढला की भागतं. दुधी कडू लागला तर तो पूर्ण टाकून द्यायचा. शिजवून ते विष जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. आमच्याकडे एकच दुधी असा निघाला, उन्हाच्या बाजूच्या वेलावरचा. आईला वाया घालवणं आवडत नाही, पण तिनेही तो न बोलता बाजूला ठेवला. तेव्हापासून त्या वेलाशी दुसरा माठ पुरला.

अक्षय्य तृतीयेला आईने दुसऱ्या बाजूला आळी करून दोडका-गिलक्याचं बी पुन्हा टाकलं. तिच्या माहेरी पावसाळी वेलांचा तोच मुहूर्त. जूनच्या पहिल्या पावसात जुन्या वेलांवर भुरी आणि डाग दिसू लागले तेव्हा ते काढले, तोवर नव्या आळ्यांतले वेल बांबूला लागले होते. बियांसाठी वेलाच्या बुडाकडचं, सरळ वाढलेलं एकेक फळ मी आधीच राखून ठेवलं होतं. पहिलं लागलेलं चांगलं फळ खाऊन टाकायचं आणि शेवटचं वाकडंतिकडं बियाण्याला ठेवायचं, असं करू नये. दोडका हलवल्यावर आत बी वाजलं की तो तयार. ते बी राखेत घोळवून काचेच्या बरणीत भरलं. गिलकी अजून मांडवाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली वाळतायत. त्यांची घासणी आईला भांड्यांना हवी आहे आणि मुलीला अंघोळीला, त्यामुळे दोन फळं ठेवली आहेत. आधी टोक कापून बी झटकून घ्यायचं. एका गिलक्यात गल्लीतल्या सगळ्यांना वाटण्याइतकं बी निघतं.